साइडकारमध्ये कोण बसतं?

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्या फजितीने करतो.

मागच्या हिवाळ्यात माझ्या एका मित्राच्या मामांनी त्यांची जुनी, साइडकार लावलेली मोटारसायकल मला चालवायला दिली. मोकळं मैदान, सकाळची वेळ, आजूबाजूला कुणी नाही. मी कॉलेजपासून बाइक चालवतोय, त्यामुळे मनात म्हटलं, यात काय एवढं! मामा मात्र म्हणाले, "आतापर्यंत शिकलास ते सगळं विसर. ही बाइक नाही."

मी हसलो. पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. डावं वळण आलं आणि मी सवयीप्रमाणे डावीकडे झुकलो. गाडी झुकलीच नाही. झुकणार कशी? तिला तीन चाकं. मी डावीकडे कललेलो आणि गाडी मात्र उजवीकडच्या तारेच्या कुंपणाकडे निघाली. घाबरून ब्रेक दाबला, तर ती आणखीच उजवीकडे ओढली गेली. कुंपण हातभर राहिलं असेल, तेव्हा कुठे थांबलो.

मामा सावकाश चालत आले. ओरडले नाहीत. साइडकारचं छोटं दार उघडून आत बसले आणि म्हणाले, "आता चल. रिकामी साइडकार कुणाचं ऐकत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आजचा सगळा एपिसोड त्या वाक्याभोवती आहे. साइडकार म्हटलं की आपण बघतो हँडल कोणाच्या हातात आहे ते. आज आपण बाजूच्या त्या टोपलीकडे बघू. तिथे कोण बसायचं, कोणाला बसवलं जायचं, आणि तिथून उठून हँडल कोणी हातात घेतलं?

आधी थोडं गणित

घाबरू नका, दोन मिनिटांचं आहे.

साधी बाइक वळते ती झुकून. थोडा वेग असेल तर डावीकडे वळताना आपण नकळत डावं हँडल किंचित पुढे ढकलतो, बाइक डावीकडे कलते आणि वळते. हे आपल्या अंगात इतकं भिनलेलं असतं की आपण हे करतो हेसुद्धा आपल्याला माहीत नसतं. साइडकार लावली की हे सगळं बाद. गाडी कलत नाही, म्हणून हँडल लहान मुलांच्या तीनचाकी सायकलसारखं वळवावं लागतं. डावीकडे जायचंय? हँडल डावीकडे. इतकं सोपं, पण म्हणूनच बाइकवाल्यांना सगळ्यात अवघड.

पुढची गंमत म्हणजे ही गाडी दोन बाजूंनी सारखी नाही. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये साइडकार डावीकडे असते. ॲक्सिलरेटर पिळला की बाइक पुढे जाऊ बघते आणि साइडकारचं वजन मागे राहतं, म्हणून गाडी डावीकडे ओढते. ब्रेक मारला की बाइक थांबते, पण साइडकारला पुढे जायचं असतं. तिच्या चाकाला वेगळा ब्रेक नसेल तर गाडी उजवीकडे ओढते. मी कुंपणाकडे का गेलो ते कळलं ना?

डावं वळण वेगात घेतलं तर साइडकारचं चाक हवेत उचललं जातं. उजव्या वळणावर उलट, सगळा भार साइडकारवर येतो आणि फारच घाई केली तर बाइकचं मागचं चाक जमीन सोडतं.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की साइडकार रिकामी असेल तर ती हलकी असते, आणि हलकी असली की लवकर उचलली जाते. म्हणून जाणकार लोक रिकाम्या साइडकारमध्ये वाळूचं पोतं ठेवतात. साइडकारच्या शर्यतींमध्ये तर बाजूचा माणूस नुसता बसत नाही. प्रत्येक वळणावर तो कधी बाहेर लोंबकळतो, कधी चालकाच्या पाठीमागे ओणवा होतो. चालक एकटा ती शर्यत जिंकूच शकत नाही.

म्हणजे बघा, बाजूला बसलेला माणूस हे सामान नाही. गाडी त्याच्या वजनावर चालते. आता हे लक्षात ठेवून इतिहासात शिरू.

एक व्यंगचित्र आणि एक पेटंट

मोटारसायकल नवीन होती तेव्हा प्रश्न पडला की बायकोला कुठे बसवायचं? हो, प्रश्न असाच विचारला जायचा. चालवणारा पुरुष, आणि सोबत येणारी "ती".

एक उपाय होता मागे छोटी गाडी जोडायचा. त्यात सगळी धूळ आणि धूर तिच्या तोंडावर. शिवाय मधला जोड तुटला तर पुढच्याला पत्ताही लागायचा नाही. दुसरा उपाय होता तिची खुर्ची चालकाच्या पुढे, दोन चाकांवर बसवायचा. नजारा छान, पण टक्कर झाली तर सगळ्यात आधी पोहोचणार तीच.

सायकलच्या बाजूला खुर्ची जोडायची कल्पना फ्रान्समध्ये १८९३ मध्येच निघाली होती. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र मजा झाली. ७ जानेवारी १९०३ रोजी 'मोटर सायकलिंग' या ब्रिटिश नियतकालिकात जॉर्ज मूर या चित्रकाराचं एक व्यंगचित्र छापून आलं, त्यात मोटारसायकलला साइडकार लावलेली होती. त्यानंतर तीनच आठवड्यांत ग्रॅहम नावाच्या माणसाला साइडकारचं तात्पुरतं पेटंट मिळालं. आधी विनोद, मग वस्तू!

पुढच्या वीस वर्षांत ही वस्तू ब्रिटनमधल्या साध्या माणसाची फॅमिली कार झाली. मोटार परवडत नव्हती, मोटारसायकल परवडायची. मग साइडकारमध्ये बायको, तिच्या मांडीवर बाळ, मागच्या सीटवर मोठा मुलगा. बर्मिंगहॅमच्या वॉटसोनियन कंपनीची सुरुवात १९१२ मध्ये झाली ती घडी होणाऱ्या साइडकारपासून, कारण संस्थापकाच्या घराच्या अरुंद बोळातून अख्खी साइडकार आत जातच नव्हती. आणि तुम्ही ज्या जॅग्वार कारचे रील्स बघता ना, ती कंपनीसुद्धा १९२२ मध्ये ब्लॅकपूलला 'स्वॅलो साइडकार' म्हणून सुरू झाली. खोटं वाटतं, पण खरं आहे.

तर साइडकार म्हणजे तिची जागा. सुरक्षित, काचेआड, गुडघ्यांवर शाल. हँडल त्याचं. हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कुणी चर्चाही करत नव्हतं.

आता तीन जोड्या भेटूया, ज्यांनी हे ठरलेलं मोडलं.

आई टोपलीत, मुलगी हँडलवर

१९१५ साल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एफी हॉचकिस नावाची तरुणी राहायची. वडिलांकडून वारशात आलेल्या पैशांतून तिने एक हार्ले डेव्हिडसन घेतली आणि ठरवलं की सॅन फ्रान्सिस्कोला जायचं, म्हणजे अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिच्या आईला, एव्हिसला, मुलीला एकटीला पाठवणं काही पटेना. आपल्याकडच्या कुठल्याही आईसारखंच. फक्त ही आई "जाऊ नकोस" म्हणाली नाही. ती साइडकारमध्ये बसली.

२ मे १९१५ ला दोघी निघाल्या. तेव्हाचे अमेरिकन रस्ते म्हणजे बरेचसे चिखल, धूळ आणि दगड. वाटेत टायरच्या ट्यूब संपल्या. मिळेनात. मग दोघींनी घोंगडी कापली, पट्ट्यांची गुंडाळी करून टायरमध्ये ठासून भरली आणि पुढे निघाल्या. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को. सोबत अटलांटिक महासागराचं पाणी एका बरणीत आणलं होतं, ते पॅसिफिकमध्ये ओतलं. मग तिथूनच परत फिरल्या आणि ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनला घरी. एकूण सुमारे ९,००० मैल, म्हणजे साडेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास.

यात मला एव्हिस जास्त आवडते. एफीच्या हातात निदान हँडल तरी होतं. एव्हिस मात्र तितकीच धूळ खात, तितकेच खड्डे सोसत, मुलीच्या भरवशावर बसून राहिली. घोंगडी कापायला दोघीच होत्या.

युद्धभूमीवरच्या मैत्रिणी

दुसरी जोडी ब्रिटनची. एल्सी नॉकर ही तिशीतली, प्रशिक्षित नर्स, घटस्फोटित, एका मुलाची आई. मैरी चिझम अठरा वर्षांची. दोघींची ओळख झाली मोटारसायकलमुळे, दोघीही शर्यती आणि चाचण्यांमध्ये भाग घ्यायच्या. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि दोघी लंडनला जाऊन निरोप पोहोचवणाऱ्या स्वार झाल्या. तिथून एका रुग्णवाहिका पथकाबरोबर बेल्जियमला. एल्सीने आपली साइडकार लावलेली चॅटर-ली मोटारसायकलही सोबत नेली.

तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जखमी सैनिक जखमेने मरत होते, पण कितीतरी जण दवाखान्यापर्यंतच्या खडबडीत रस्त्यावर धक्के खाऊनच मरत होते. आधी जागेवरच उपचार करून माणूस सावरू द्यावा आणि मग हलवावा, असं एल्सीचं म्हणणं. म्हणून नोव्हेंबर १९१४ मध्ये दोघींनी पेरवीझ नावाच्या उद्ध्वस्त गावात, खंदकांपासून अगदी जवळ, एका घराच्या तळघरात प्रथमोपचार केंद्र थाटलं. १९१८ मध्ये विषारी वायूच्या हल्ल्यात सापडेपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ, त्या तिथेच काम करत होत्या. बेल्जियमच्या राजाने आणि ब्रिटिश सरकारनेही दोघींना पदकं दिली.

त्याच युद्धात साइडकारचं रूपही बदललं. तिच्यावर मशीनगन बसवली गेली, कुठे स्ट्रेचर बसवलं गेलं. गुडघ्यांवर शाल घेऊन बसायची जागा आता बंदूक आणि जखमी माणूस वाहत होती.

सहारा, आणि दिशादर्शकसुद्धा नाही

आता तिसरी जोडी. ही माझी सगळ्यात आवडती.

थेरेसा वॉलॅक, जन्म १९०९, लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकलेली. तिची मैत्रीण फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन, मित्रमंडळींसाठी नुसती "ब्लेंक". १९३४ मध्ये ब्रुकलँड्स या प्रसिद्ध ट्रॅकवर ब्लेंकने शर्यतीत ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फेरी मारली, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या वर. त्यासाठी मिळणारा 'गोल्ड स्टार' मिळवणारी ती पहिली स्त्री. थेरेसालाही तो पुढे १९३९ मध्ये मिळाला. म्हणजे दोघींना सरळ रस्त्यावर वेगाने कसं जायचं हे चांगलंच माहीत होतं.

आणि दोघींनी निवडला तो प्रवास होता नेमका उलट. वेग नाही, रस्ता नाही. लंडन ते केपटाउन, सहारा वाळवंट ओलांडून.

गाडी होती ६०० सीसीची पँथर, यॉर्कशायरमधल्या फेलन अँड मूर कंपनीची. एकच मोठा सिलिंडर, पुढे झुकवून बसवलेला. इतका दणकट की चेसीचा पुढचा दांडा म्हणून इंजिनच काम करायचं. साइडकार ओढायला त्या काळी लोक अशाच गाड्या घ्यायचे. त्याला साइडकार, आणि साइडकारवाल्या गाडीच्या मागे आणखी एक छोटा ट्रेलर. तंबू, भांडी, पाणी, पेट्रोल, सुटे भाग सगळं त्यात. सोबत मदतीची गाडी नाही. दिशादर्शकसुद्धा नाही.

११ डिसेंबर १९३४ ला लंडनहून निघाल्या. फ्रान्स पार करून समुद्रमार्गे अल्जिअर्स, आणि तिथून दक्षिणेला वाळवंटात.

आता मगाशी जे गणित सांगितलं ते आठवा. वाळवंटात रस्ता म्हणजे आधी गेलेल्या ट्रकच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या. ट्रक रुंद, साइडकारवाली गाडी अरुंद. म्हणजे बाइक एका चाकोरीत घातली तर साइडकारचं चाक दुसऱ्या चाकोरीत पोहोचतच नाही, ते मधल्या उंचवट्यावरच्या भुसभुशीत वाळूत घासत राहतं. तीन चाकं, प्रत्येकाची वेगळी तऱ्हा, आणि मागे ट्रेलर नांगरासारखा. गाडी रुतली की उतरा, वाळू उपसा, ढकला, दहा पावलं पुढे, परत रुतली. इथे कोण चालवतंय आणि कोण बसलंय याला काही अर्थच उरत नाही. एकीने थ्रॉटल सांभाळायचं आणि दुसरीने खांदा लावायचा. दुसरी नसेल तर पहिली तिथेच संपली.

सहारा जवळपास पार होत आली आणि इंजिनने मान टाकली. आजच्या नायजर देशातलं अगादेझ हे जुनं व्यापारी गाव, तिथे दोघींनी ते अख्खं उघडलं आणि पुन्हा जुळवलं. थेरेसाचं इंजिनिअरिंग इथे कामाला आलं. मग नायजेरिया, मध्य आफ्रिकेचं जंगल, काँगो, पूर्व आफ्रिका. वाटेत वाळूच्या जागी चिखल आला, नद्या आल्या, आणि आफ्रिकेच्या त्या सुनसान रस्त्यावर समोरून येणाऱ्या एका मोटारीशी टक्करही झाली. गाडी दुरुस्त केली आणि निघाल्या.

२९ जुलै १९३५. केपटाउन. साडेसात महिने.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर इतिहास अर्धवट राहील. ज्या देशांतून त्या गेल्या ते जवळपास सगळे तेव्हा युरोपीय सत्तांच्या ताब्यात होते. गोऱ्या प्रवाशांना सीमांवर आणि चौक्यांवर जी वागणूक मिळायची ती तिथल्या माणसाला त्याच्याच देशात मिळत नव्हती. आणि त्या काळच्या प्रवासांत रुतलेल्या गाड्या ओढणाऱ्या, पाणी देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या स्थानिक माणसांची नावं बहुतेक कुठेच नोंदलेली नाहीत. त्या दोघींचं धाडस याने कमी होत नाही. पण बाजूला कोण होतं हा प्रश्न आपण विचारायचाच ठरवलाय, तर तो पूर्ण विचारू.

पुढे दुसऱ्या महायुद्धात थेरेसा ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलवरून निरोप पोहोचवायची. नंतर अमेरिकेला गेली, शिकागोत मोटारसायकलचं दुकान चालवलं, फीनिक्सला बाइक शिकवायची शाळा काढली. ८८ वर्षांची होईपर्यंत चालवत होती, दृष्टीने साथ सोडली तेव्हा थांबली. १९९९ मध्ये गेली. आफ्रिकेच्या प्रवासावर तिने लिहिलेलं 'द रगेड रोड' हे पुस्तक छापून आलं २००१ मध्ये. म्हणजे प्रवासाला पासष्टहून जास्त वर्षं झाल्यावर, आणि ते बघायला ती नव्हती. २००३ मध्ये अमेरिकेच्या मोटारसायकल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव आलं.

आणि ब्लेंक? ब्रुकलँड्सवर सगळ्यांच्या आधी तो तारा मिळवणारी ब्लेंक? तिचं नाव त्यामानाने फार कमी ऐकू येतं. मी स्वतः ही गोष्ट आधी दोन-तीनदा मित्रांना सांगितली, तेव्हा "थेरेसा आणि तिची एक मैत्रीण" असंच म्हणालो होतो. हे लिहिताना चूक लक्षात आली. साडेसात महिने बरोबरीने वाळू उपसलेल्या बाईला मीच टोपलीत बसवून टाकलं होतं.

मग साइडकार गेली कुठे?

तिला कोणी बंदी घातली नाही. तिला मोटारीने हरवलं. १९२२ मध्ये ब्रिटनमध्ये ऑस्टिन सेव्हन आली, छोटी आणि बऱ्यापैकी स्वस्त मोटार. १९५९ मध्ये मिनी आली. छप्पर, हीटर, चार माणसं शेजारी-शेजारी, आणि पावसात भिजायचं नाही. मग साइडकार कोण घेणार? आज उरालसारख्या मोजक्या कंपन्या सोडल्या तर ती हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये आणि व्हिंटेज रॅलीत दिसते.

आपल्याकडे म्हणाल, तर तुमच्यापैकी बहुतेकांनी साइडकार पहिल्यांदा बघितली असेल ती १९७५ च्या 'शोले'मध्ये. जय-वीरू, 'ये दोस्ती' गाणं, आणि मध्येच सुटी होऊन वेगळी धावणारी साइडकार. आपण हसतो, कारण ती सुटूच शकत नाही हे आपल्याला आतून माहीत असतं. सुटली तर दोघंही गेले.

पण पडद्याबाहेरची साइडकार आपल्याकडे स्कूटरला असायची. आत्याला विचारलं तर म्हणाली, "अरे, आमच्या ह्यांच्या स्कूटरला होती की! सात-आठ वर्षं बसले मी त्यात." मी विचारलं, आत्या, तू कधी चालवलीस का गं? ती हसली. म्हणाली, "चालवली नाही. पण डावं वळण आलं की मी आपोआप बाहेरच्या बाजूला रेलायचे. नाहीतर चाक उचलायचं. ह्यांना ते कधी कळलंच नाही, त्यांना वाटायचं आपण फार छान वळवतो."

मी दोन मिनिटं गप्पच झालो. मामांनी मला मैदानावर जे सांगितलं, शर्यतीतले लोक जे वर्षानुवर्षं सराव करून शिकतात, ते आत्या भाजीची पिशवी मांडीवर घेऊन रोज करत होती. कुणी शिकवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

तर मंडळी, आजचा होमवर्क. घरी जुना अल्बम असेल तर काढा. साइडकारचा, स्कूटरचा, अगदी सायकलचाही फोटो चालेल. चालवणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असेल. बाजूला किंवा मागे कोण बसलंय ते विचारा, आणि ती व्यक्ती असेल तर तिलाच विचारा की तेव्हा नेमकं काय काय सांभाळत होतात. जे उत्तर मिळेल ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडची सुरुवात त्यातूनच करू.

आणि कधी साइडकारवाली गाडी चालवायची संधी मिळाली, तर एकटे बसू नका.

भेटूया.